लॅपटॉपच्या पोटातला ४जी मोडेम लिनक्सवर चालू करायचा तर

नागपूरच्या बर्डीवरच्या जुन्या लॅपटॉपच्या दुकानांत मिळणारी थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक ही मशिनं बहुधा एखाद्या कंपनीने काही वर्षं वापरून सोडलेली असतात. त्यांतल्या बऱ्याच मशिनांना सिमची खाच असते, आणि नागपुरात खोली करून शिकणाऱ्या पोरांना नेमकं तेच हवं असतं. ब्रॉडबँड घ्यावं तर घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाही. फोनचा हॉटस्पॉट दिवसभर चालवावा तर संध्याकाळपर्यंत फोन मान टाकतो. त्यापेक्षा सिम थेट लॅपटॉपमध्येच टाकलेलं बरं.

मग विंडोज काढून उबंटू किंवा मिंट (लिनक्सचीच दोन रूपं) टाकलं जातं, सिम आत सरकवलं जातं आणि काहीच होत नाही. "लिनक्सवर नाही चालत नं भाऊ हे," असा निकाल टपरीवर चहा संपायच्या आत लागतो. मोडेम आणि इंटरनेट यांच्यामध्ये सहा-सात टप्पे आहेत. त्यांतला एखादाच अडलेला असतो आणि खटपट भलत्याच टप्प्यावर चाललेली असते. मशिनमध्ये मोडेमचं कार्डच नसताना एपीएन (सिम कंपनीच्या इंटरनेटच्या दाराचं नाव) बदलून पाहणारे आणि सिमला पिन असताना ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) शोधत बसणारे, दोन्ही नमुने भरपूर सापडतात. म्हणून खालचा टप्पा पक्का झाल्याशिवाय वरच्याला हात लावायचा नाही, एवढं पथ्य पाळा.

आज्ञांबद्दल एक सूचना. इथे त्या उच्चारानुसार देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा द्यायच्या खिडकीत, अक्षरं आणि आकडे दोन्ही रोमन टाइप करायचे, आणि मुद्दाम सांगितलं नसेल तिथे सगळी अक्षरं लहान.

विकत घेण्याआधी

"सिमची खाच हाय म्हणजे आतमंदी कार्ड असनच नं," हे वाक्य दुकानात हमखास ऐकू येतं. त्यावर विसंबू नका. कंपन्या एकाच साच्याची बॉडी सगळ्यांसाठी बनवतात आणि मोडेमचं कार्ड वेगळे पैसे मोजणाऱ्यालाच मिळतं. बाकीच्यांच्या वाट्याला नुसती खाच येते. काही मशिनांत कार्ड नसलं तरी अँटेनाच्या तारा तेवढ्या ओढून ठेवलेल्या असतात, काहींत त्याही नसतात. तारा नसतील तर पुढे कार्ड आणूनही फायदा नाही, कारण त्या स्क्रीनच्या झाकणातून फिरवाव्या लागतात आणि ते घरी करण्याचं काम नव्हे.

खात्री करायचा सोपा मार्ग म्हणजे उबंटू किंवा मिंट टाकलेला पेनड्राइव्ह सोबत नेणं. इन्स्टॉल न करता नुसतं सुरू करा, टर्मिनल उघडा आणि या दोन आज्ञा द्या:

एलएसयूएसबी

एलएसपीसीआय -एनएन

पहिली यूएसबीवर जोडलेली साधनं दाखवते, दुसरी पीसीआयवरची. मोडेम लॅपटॉपच्या आत असला तरी बहुतेक ४जी कार्डं आतल्या आत यूएसबीनेच जोडलेली असतात, म्हणून आधी पहिली. सिएरा वायरलेस, क्वेक्टेल, फिबोकॉम, टेलिट यांपैकी एखादं नाव दिसलं की कार्ड आहे. फार नाटकं करणारा दुकानदार असेल तर दुसरं दुकान बघा. ही तपासणी पाच मिनिटांची आहे.

कार्ड आहे एवढ्यावर भागत नाही, ते कोणतं आहे हेही बघावं लागतं.

थिंकपॅड एक्स२२०, टी४२० या पिढीत सापडणारी कार्डं बहुतेक ३जी असतात. जिओचं जाळं २०१६ मध्ये सुरू झालं तेच मुळी ४जीवर. तिथे २जी-३जी कधी नव्हतंच, त्यामुळे अशा कार्डात जिओचं सिम कितीही वेळा घालून-काढून पाहिलं तरी नोंदणी होणार नाही. एअरटेलनेही ३जी केव्हाच गुंडाळलं. दुकानदार अशा कार्डाचे वेगळे पैसे सांगत असेल तर देऊ नका.

सिएराचं ईएम७४५५ हे ४जी कार्ड लिनक्सवर उत्तम चालतं, पण ते अमेरिका-युरोप डोळ्यांसमोर ठेवून बनवलेलं आहे. त्यात ४० क्रमांकाचा बँड (रेडिओ लहरींचा ठरावीक पट्टा), म्हणजे २३०० मेगाहर्ट्झ, नाही. भारतात जिओ आणि एअरटेल दोघंही हा बँड वापरतात आणि गर्दीच्या भागात बराचसा डेटा त्यावरूनच वाहतो. कार्ड ३ आणि ५ क्रमांकाच्या बँडवर जोडलं जाईल, काम होईल, पण शेजारच्या फोनवर भन्नाट वेग आणि लॅपटॉपवर मात्र रडत-खडत, असं चित्र दिसलं तर त्यामागे हे कारण असू शकतं. याच कार्डाचं आशियासाठीचं भावंड म्हणजे ईएम७४३०. त्यात ४० नंबरचा बँड आहे. निवडायला मिळालं तर हेच घ्या.

फिबोकॉमचं एल८५०-जीएल हे टी४८० आणि त्याच्या आसपासच्या थिंकपॅडमध्ये भेटतं. बँड चांगले आहेत, पण आतली चिप इंटेलची आहे आणि ती पीसीआयवर बसते. 'एलएसपीसीआय'मध्ये ८०८६:७३६० असा क्रमांक दिसला तर समजायचं की हेच ते. लिनक्सवर याने अनेकांना वर्षानुवर्षं छळलं आहे. लोकांनी स्वतः लिहिलेला ड्रायव्हर आहे आणि अलीकडच्या आवृत्त्यांत परिस्थिती सुधारते आहे, पण लिनक्सवर तुमचा पहिलाच महिना असेल तर या वाटेला जाऊ नका. कार्ड बदलून घ्या किंवा दुसरं मशीन बघा.

कार्ड स्वतः बसवायचं असेल तर

अलीकडच्या मशिनांत मोडेमसाठी एम.२ प्रकारची बी-की खाच असते आणि कार्ड ३०४२ मापाचं, म्हणजे ३० मिलिमीटर रुंद, ४२ लांब. उघडण्याआधी चार्जर काढा. बॅटरी आतमध्ये बसवलेली असेल तर थिंकपॅडच्या बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) ती तात्पुरती बंद करायचा पर्याय असतो, तो वापरा.

कार्ड तिरकं धरून खाचेत सरकवायचं, दाबून आडवं करायचं आणि स्क्रू लावायचा. खरं नाजूक काम त्यानंतरचं. दोन बारीक तारा, टोकाला खसखशीच्या दाण्याहून जरा मोठी सोनेरी टोपी. ती टोपी कार्डावरच्या गोल खुंटीवर अगदी सरळ ठेवायची, मग नखाने किंवा प्लॅस्टिकच्या चपट्या पट्टीने वरून दाबायची. टक् असं जाणवलं पाहिजे. तिरकी ठेवून जोर लावला तर टोपीची कड वाकते आणि पुन्हा नीट बसत नाही. पकडीने तर मुळीच दाबू नका. लेनोवोत मोडेमच्या तारा साधारणपणे लाल आणि निळ्या असतात. लाल मुख्य खुंटीवर, निळी दुसरीवर. करड्या आणि काळ्या तारा वाय-फायच्या, त्यांना हात लावायचं कारण नाही.

थिंकपॅडच्या जुन्या पिढ्यांत एक अडसर आहे. बायोसमध्ये मान्य कार्डांची यादी असते आणि यादीबाहेरचं कार्ड दिसलं की मशीन सुरू व्हायलाच नकार देतं. स्क्रीनवर १८०२ क्रमांकाची तक्रार येते. यात लिनक्सचा काही संबंध नाही. त्या मॉडेलसाठी लेनोवोनेच विकलेलं, एफआरयू (लेनोवोचा सुट्या भागांचा) क्रमांक छापलेलं कार्ड घेतलं की प्रश्न मिटतो.

सिमची तयारी

नवं सिम आधी फोनमध्ये घालून सुरू करून घ्या. पडताळणीचा कॉल वगैरे सोपस्कार लॅपटॉपवरून होत नाहीत. फोनवर एकदा ब्राउझर उघडून नेट चालतंय, रिचार्ज जिवंत आहे, एवढं बघा. फोनमध्येच सिमचा पिन बंद करून टाकला तर पुढचा एक टप्पा आपोआप गळतो.

सिमचं मापही तपासा. जुन्या मशिनांना मायक्रो सिम लागतं आणि हल्ली हातात येतं ते नॅनो. मधे प्लॅस्टिकची चौकट घालावी लागते. रिकामी चौकट चुकूनही आत सारू नका. बाहेर ओढताना तिच्या पोकळीत आतल्या पितळी पिना अडकतात, वाकतात, आणि मग सिम कधीच वाचलं जात नाही. चौकटीत सिम बसवून मागून चिकटपट्टीचा पातळ तुकडा लावला की ते सुटून आत राहत नाही. काही जुन्या थिंकपॅडमध्ये ही खाच बाहेर दिसतच नाही, बॅटरी काढल्यावर तिच्या मागे सापडते.

मशिनला मोडेम दिसतो का

सिम घालून मशीन पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. आता पहिली आज्ञा:

आरएफकिल लिस्ट

इथे 'वायरलेस डब्ल्यूएएन' अशी ओळ शोधा. हाच आपला मोबाइल मोडेम, पुढे आज्ञांत त्याला डब्ल्यूडब्ल्यूएएन म्हटलं आहे. तिच्याखाली 'सॉफ्ट ब्लॉक्ड: यस' असेल तर:

एनएमसीएलआय रेडिओ डब्ल्यूडब्ल्यूएएन ऑन

'हार्ड ब्लॉक्ड: यस' असेल तर ते सॉफ्टवेअरने सुटणार नाही. लॅपटॉपच्या कडेला वायरलेसचा सरकता खटका आहे का बघा, विमानाच्या चित्राची कळ दाबून बघा, आणि तरीही तसंच राहिलं तर बायोसमध्ये जाऊन डब्ल्यूडब्ल्यूएएन चालू आहे याची खात्री करा. कंपन्यांतून आलेल्या मशिनांत ते तिथूनच बंद केलेलं असणं काही विशेष नाही.

पुढची आज्ञा:

एलएसयूएसबी -टी

ही झाडासारखी रचना दाखवते आणि प्रत्येक साधनासमोर ड्रायव्हरचं नाव लिहिते. मोडेमसमोर सीडीसी_एमबीआयएम किंवा क्यूएमआय_डब्ल्यूडब्ल्यूएएन असं काही असलं की कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, काम झालं. हे दोन्ही ड्रायव्हर कर्नलमध्येच येतात, कुठूनही उतरवावे लागत नाहीत. "अमुक कार्डाचा लिनक्स ड्रायव्हर" म्हणून कुठल्याही संकेतस्थळावर मिळणारी झिप फाइल टाकू नका. ड्रायव्हरची जागा रिकामी दिसत असेल तर बहुतेक तुमचा कर्नल जुना आहे. पीसीआयवर बसणाऱ्या नव्या मोडेमसाठी लागणारी सोय कर्नलमध्ये ५.१३ पासून यायला लागली, म्हणून अशा कार्डांसाठी नवं वितरणच वापरा.

लिनक्सऐवजी ओपनबीएसडी ही वेगळी ऑपरेटिंग सिस्टम वापरणारे कुणी इथवर आले असतील तर त्यांच्याकडे यूएमबी नावाचा ड्रायव्हर आहे आणि तो एमबीआयएम बोलणारी कार्डं सांभाळतो. पिन आणि एपीएन थेट आयएफकॉन्फिगलाच देता येतात, मधे कुणी मॅनेजर नाही. पुढचं सगळं मात्र लिनक्ससाठी.

मोडेममॅनेजरशी बोलणं

लिनक्सवर मोडेमशी बोलायचं काम मोडेममॅनेजर करतो आणि जोडणी सांभाळायचं काम नेटवर्कमॅनेजर. उबंटू आणि मिंटमध्ये दोन्ही असतातच. सोबत दोन हत्यारांची पॅकेजं टाकून ठेवा, पुढे लागतील. वाय-फाय किंवा हॉटस्पॉट चालू असतानाच हे उरकून घ्या:

सुडो एपीटी इन्स्टॉल एलआयबीक्यूएमआय-युटिल्स एलआयबीएमबीआयएम-युटिल्स

मग:

एमएमसीएलआय -एल

यातला शेवटचा एल मोठा. मोडेमचं नाव आणि एक क्रमांक दिसेल. काहीच दिसलं नाही तर अर्धा मिनिट थांबून पुन्हा बघा, कारण मशीन सुरू झाल्यावर मोडेम जागा व्हायला वेळ घेतो. आता सगळा तपशील मागवा:

एमएमसीएलआय -एम एनी

लांबलचक तक्ता येतो. घाबरून खिडकी बंद करू नका, त्यातल्या तीन-चारच ओळी आपल्या कामाच्या आहेत.

'स्टेट' ही सगळ्यांत महत्त्वाची. 'फेल्ड' लिहिलं असेल तर तिच्याच खाली कारण असतं, आणि बहुतेक वेळा ते 'सिम-मिसिंग' असतं. म्हणजे मोडेम ठणठणीत आहे, सिम वाचलं जात नाहीये. सिम उलटं आहे का, पूर्ण आत गेलंय का, सोनेरी पट्टीवर बोटाचा तेलकट डाग आहे का, हे बघा. मऊ कोरड्या कापडाने पुसून पुन्हा घाला आणि मशीन बंद करून चालू करा. नुसतं सिम बदलून मोडेमला ते कळेलच असं नाही.

'स्टेट' समोर 'लॉक्ड' असेल तर सिमला पिन आहे. पिन एक-दोन-तीन-चार आहे आणि तक्त्यातल्या सिमच्या ओळीतला शेवटचा आकडा शून्य आहे असं धरून:

एमएमसीएलआय -आय ० --पिन=१२३४

किती संधी उरल्या ते त्याच तक्त्यात 'अनलॉक रिट्राइज' समोर दिसतं. तीनदा चुकलं की पीयूके (सिम कंपनीकडे असलेला सुटकेचा आकडा) मागतो, आणि पीयूके दहादा चुकला की सिम कायमचं गेलं. अंदाजपंचे आकडे टाकण्यापेक्षा कंपनीच्या दुकानात जाऊन पीयूके विचारा.

'लॉक' समोर 'सिम-पिन२' दिसलं तर ती अडचण नव्हे. तो वेगळा पिन असतो आणि त्याचा डेटाशी संबंध नाही. तिकडे दुर्लक्ष करा.

'डिसेबल्ड' म्हणजे मोडेम झोपलेला आहे. त्याला उठवा:

सुडो एमएमसीएलआय -एम एनी -ई

बऱ्याच मशिनांत इथे 'सक्सेसफुली एनेबल्ड' येतं आणि गाडी पुढे सरकते. तुमचं तसं झालं असेल तर पुढचा भाग सोडून द्या.

एफसीसीचं कुलूप

कार्ड दिसतं, सिम वाचलं जातं, पण चालू करायला गेलं की 'इन्व्हॅलिड ट्रान्झिशन' अशी तक्रार येते, किंवा 'पॉवर स्टेट' समोर 'लो' लिहिलेलं असतं आणि ते काही केल्या 'ऑन' होत नाही. इथेच सगळ्यांत जास्त लोक हात टेकतात, आणि "विंडोजवर चालतं, लिनक्सवर नाही" या तक्रारीतही बऱ्याचदा हेच असतं.

एफसीसी ही अमेरिकेतली रेडिओ लहरींवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था. तिथल्या नियमांप्रमाणे कार्ड, अँटेना आणि लॅपटॉप यांचा जोड मिळून मंजूर व्हावा लागतो. म्हणून लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्या कार्डाचा रेडिओ कुलूपबंद करून देतात. मशिनमधल्या सॉफ्टवेअरने ठरावीक संदेश पाठवल्यावरच तो उघडतो. विंडोजमध्ये कंपनीचा ड्रायव्हर हे गुपचूप करतो. लिनक्सवर मोडेममॅनेजरही पूर्वी आपण होऊन करायचा, पण १.१८.४ या आवृत्तीपासून हा निर्णय वापरणाऱ्यावर सोपवला आहे. उघडायच्या लिपी (स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांच्या छोट्या फाइली) सोबत येतात, त्या लागू करायचं काम आपलं. अमेरिकेचा नियम असला तरी कार्डं जगभर तीच जात असल्याने कुलूपही इथवर येतं.

आधी 'एलएसयूएसबी'मधून आपल्या कार्डाचा क्रमांक लिहून घ्या. लेनोवोच्या ईएम७४५५चा ११९९:९०७९ असतो. मग या फोल्डरमध्ये त्याच नावाची फाइल आहे का बघा:

एलएस /यूएसआर/शेअर/मोडेममॅनेजर/एफसीसी-अनलॉक.अव्हेलेबल.डी

असेल तर तिचा दुवा दुसऱ्या फोल्डरमध्ये करायचा. ही सगळी एकच ओळ आहे:

सुडो एलएन -एसएफटी /ईटीसी/मोडेममॅनेजर/एफसीसी-अनलॉक.डी /यूएसआर/शेअर/मोडेममॅनेजर/एफसीसी-अनलॉक.अव्हेलेबल.डी/११९९:९०७९

मोडेममॅनेजर या शब्दात मोडेमचा एम आणि मॅनेजरचा एम दोन्ही मोठे, हे विसरलात तर फोल्डर सापडणार नाही. नंतर सेवा पुन्हा सुरू करा:

सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट मोडेममॅनेजर

इथेही दोन्ही एम मोठेच. अर्ध्या मिनिटाने पुन्हा चालू करून बघा. तरीही नाही झालं तर मघाशी टाकायला सांगितलेली दोन पॅकेजं खरंच आहेत का ते तपासा, कारण त्या लिपी आपलं काम त्यांच्याकडूनच करून घेतात. पॅकेज नसेल तर लिपी चालते आणि मुकाट मरते.

काही नव्या थिंकपॅडमध्ये कुलूप उघडायची रीत वेगळी आहे आणि ती या फोल्डरमध्ये सापडत नाही. लेनोवोने त्यासाठी स्वतःचा प्रोग्राम गिटहब या संकेतस्थळावर ठेवला आहे, लेनोवो-डब्ल्यूडब्ल्यूएएन-अनलॉक नावाने. तुमचं मॉडेल त्यांच्या यादीत असेल तरच तो टाका.

जोडणी आणि एपीएन

तक्त्यात आता 'स्टेट' समोर 'रजिस्टर्ड' दिसलं पाहिजे. 'सर्चिंग'वरच अडकलं असेल तर टॉवर सापडत नाहीये. अँटेनाच्या टोप्या आठवा, बँड आठवा. नोंदणीसमोर 'होम'ऐवजी 'रोमिंग' लिहिलेलं असेल तर दचकू नका. छिंदवाडा, शिवनी, बालाघाटकडून शिकायला आलेल्यांची सिमं मध्य प्रदेश सर्कलची असतात, नागपूर महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये येतं, म्हणून तसं दिसू शकतं. सेटिंगमध्ये रोमिंगला परवानगी आहे एवढं बघा.

आता जोडणी बनवायची. डेस्कटॉपवर नेटवर्कच्या चित्रावरून मोबाइल ब्रॉडबँड निवडून देश, कंपनी, प्लॅन असं टिचकत गेलं तरी चालतं. पण त्या यादीतले एपीएन कधीकधी जुने असतात, म्हणून माझा कल आज्ञेकडे. जिओसाठी:

एनएमसीएलआय कनेक्शन ॲड टाइप जीएसएम आयएफनेम '*' कॉन-नेम जिओ एपीएन जिओनेट

फुलीच्या दोन्ही बाजूंचे एकेरी अवतरण चिन्ह गाळू नका, नाहीतर शेल (टर्मिनलमध्ये आज्ञा वाचणारा प्रोग्राम) त्या फुलीचा भलताच अर्थ लावतं. एअरटेलचा एपीएन एअरटेलजीपीआरएस.कॉम, बीएसएनएलचा बीएसएनएलनेट. एपीएन इंग्रजी लहान अक्षरांत, मधे जागा न सोडता. शंका असेल तर तेच सिम घातलेल्या फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट नेम उघडून जे लिहिलंय तेच उतरवा. वापरकर्तानाव आणि पासवर्ड रिकामे ठेवायचे.

एनएमसीएलआय कनेक्शन अप जिओ

'सर्व्हिस ऑप्शन नॉट सबस्क्राइब्ड' असं उत्तर आलं तर एपीएन चुकलाय किंवा रिचार्ज संपलाय. दोन्ही फोनवर तपासता येतं. इंटरनेटवरच्या जुन्या सल्ल्यांत आयपीव्ही६ (इंटरनेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत) बंद करायला सांगितलेलं असतं. जिओवर तरी तसं करू नका.

जोडलं गेलं की वाय-फाय बंद करून तपासा. दोन्ही चालू असताना नेटवर्कमॅनेजर वाय-फायलाच पसंती देतो, त्यामुळे ब्राउझर उघडला म्हणजे मोडेम चालला असं होत नाही. आधी पिंग -सी ३ १.१.१.१ करा. हे चाललं आणि संकेतस्थळं उघडत नसतील तर मोडेमचं काम झालेलं आहे, घोळ डीएनएसमध्ये, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या सोयीत, आहे.

वेग मिळत नसेल तर

सिग्नलच्या दांड्यांवर भरवसा ठेवू नका, आकडे बघा:

सुडो एमएमसीएलआय -एम एनी --सिग्नल-सेटअप=१०

एमएमसीएलआय -एम एनी --सिग्नल-गेट

यातला आरएसआरपी, म्हणजे टॉवरकडून येणाऱ्या सिग्नलची ताकद, हा आकडा उणे असतो. उणे ८० च्या आसपास असेल तर झकास, उणे १०० ला ठीक, उणे ११० च्या खाली गेला की रडगाणं सुरू. लॅपटॉप हातात घेऊन खोलीभर फिरा आणि कुठे बरा येतो ते बघा. बऱ्याच लॅपटॉपांत या अँटेना झाकणाच्या वरच्या कडेत असतात, म्हणून झाकण मिटून बाहेरच्या मॉनिटरवर काम करणाऱ्यांचा सिग्नल पडतो.

उन्हाळ्यात आपल्याकडे आणखी एक भानगड होते. खोलीला एकच खिडकी, आणि मार्च संपता संपता त्या खिडकीत पत्र्याचा कूलर बसतो. फेब्रुवारीपर्यंत ज्या टेबलावर झकास चालत होतं तिथे एप्रिलमध्ये दांड्या निम्म्या होतात आणि दोष उबंटूच्या अपडेटला दिला जातो. पत्र्यातून लहरी जात नाहीत. टेबल दरवाजाकडे किंवा दुसऱ्या भिंतीला न्या आणि पुन्हा आकडे बघा. कूलरच्या तोंडासमोर लॅपटॉप ठेवायचा मोह मात्र टाळा, तुषारांनी कीबोर्ड जाईल. मोठी फाइल उतरवताना कार्ड तापतं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना लॅपटॉप गादीवर ठेवून हे करत असाल तर जोडणी तुटायला तेवढं कारण पुरतं.

कार्ड कमकुवत बँड धरून बसत असेल तर त्याला ठरावीक बँडांवर बांधता येतं, पण आधी बाकी सगळं करून बघा. बांधलेला बँड गावाकडे, काटोल-उमरेडच्या पलीकडे गेल्यावर मिळेलच असं नाही, आणि तोवर आपण काय बांधून ठेवलंय ते डोक्यातून गेलेलं असतं.

रोजच्या वापरात

फोनवरची ५जीची अमर्याद योजना लॅपटॉपला लागू होत नाही. तुमचं कार्ड ४जी आहे, त्यामुळे दिवसाच्या दीड-दोन जीबीतूनच कापलं जाणार, आणि उबंटूचं एक मोठं अपडेट त्याचा फडशा पाडू शकतं. म्हणून जोडणी मोजून वापरायची आहे हे सिस्टमला सांगून ठेवा:

एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय जिओ कनेक्शन.मीटर्ड यस

उबंटूतल्या स्नॅपला (ॲप टाकणाऱ्या आणि आपोआप अपडेट करणाऱ्या सोयीला) ते वेगळं सांगावं लागतं:

सुडो स्नॅप सेट सिस्टम रिफ्रेश.मीटर्ड=होल्ड

मोठी अपडेटं कॉलेजच्या वाय-फायवर उरका.

लॅपटॉप झाकण मिटून झोपवला आणि उठवल्यावर मोडेम गायब, ही तक्रार बऱ्याच कार्डांबाबत असते. मघाचीच मोडेममॅनेजर रीस्टार्ट करायची आज्ञा द्या, मिनिटभरात परत येतो. नाहीच आला तर मशीन पूर्ण बंद करून चालू करा. नुसतं रीस्टार्ट नको, कारण त्यात कार्डाचा वीजपुरवठा तुटेलच असं नाही.

कुणाची मदत मागायची वेळ आलीच तर "मोडेम चालत नाही" एवढंच लिहू नका. लॅपटॉपचं मॉडेल, 'एलएसयूएसबी'मधली मोडेमची ओळ, 'एमएमसीएलआय -एम एनी'चा तक्ता आणि या आज्ञेचा शेवटचा भाग द्या:

जर्नलसीटीएल -बी -यू मोडेममॅनेजर

दोन्ही एम इथेही मोठे. आणि चिकटवण्याआधी त्या तक्त्यात 'इक्विपमेंट आयडी' समोरचा पंधरा आकडी आयएमईआय आणि 'ओन' समोरचा तुमचा मोबाइल नंबर खोडून टाका.